पाववाल्या काकूचा देव

माझी मोठी काकू, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, जवळजवळ पन्नास वर्षं पाव भाजत होती. चौकाच्या कोपऱ्यावर खाली बेकरी आणि वर दोन खोल्या, एवढं तिचं जग. त्या भागात तिला नावानं कुणीच ओळखत नव्हतं, ती सगळ्यांची पाववाल्या काकू. टपालवाला पाकिटावरचं नाव वाचून "या कोण बुवा?" असं तिलाच विचारायचा, हे काका आम्हाला सांगत. त्यात त्यांनी पदरचं किती घातलं होतं कोण जाणे.

काकूचं नाक भारी तिखट होतं. वर स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता ती मध्येच उठायची, जिन्याच्या तोंडाशी यायची आणि खाली हाक द्यायची, "अहो, डावीकडचा ट्रे काढा." काका ओव्हन उघडून बघत, तर डावीकडचाच ट्रे झालेला असे. पीठ दमट आलंय हे तिला पोतं सोडायच्या आधी कळायचं. आम्हा मुलांना तर तिच्यापासून काही लपवताच यायचं नाही. बाहेर काय खाल्लं, कुणाच्या घरी बसलो, अंगात कणकण आहे का, सगळं ती जवळून जाता जाता ओळखायची.

आणि तिला देवाशी बोलायची सवय होती. पहाटेचा पहिला ट्रे आत गेला की ती हात पुसून मागच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. त्या खिडकीतून बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या घराची भिंत, पाण्याचा एक पाइप, फार तर एखादी मांजर. तिथं उभं राहून ती शेजारणीशी बोलावं तसं बोलायची. पाठ केलेलं काही नसे. काल पाहुणे आले होते, ऐनवेळी साखर संपली, पण तू निभावून नेलंस. यांचा गुडघा दुखतोय, जरा बघ. आणि शेवटी नेहमी, "मला वाटतं ते मी सांगितलं, पुढचं तुला ठाऊक." एवढं म्हणून ती पुढच्या ट्रेकडे वळायची. काका देवाच्या भानगडीत पडत नसत. ती बोलत असली की ते आपले पातेली घासत.

लग्नाला सात वर्षं झाली तरी काकूला मूल नव्हतं. डॉक्टर झाले, औषधं झाली. लोक विचारायचे ते विचारायचे थांबले, आणि ते जास्त लागतं असं ती म्हणायची. मग आठव्या वर्षी दिवस गेले. गंमत म्हणजे दोन महिन्यांनी माझ्या आईलाही. तेव्हा आई-बाबा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत, पण दर सुट्टीला आई काकूकडे यायची आणि दोघी जावा बेकरीच्या पायरीवर बसून विणकाम करायच्या. आईचं विणकाम सफाईदार, काकूचं अगदीच दिव्य. तिनं विणलेल्या टोपीत दोन बाळांची डोकी मावतील असं आई म्हणाली होती. त्यावर काकू म्हणाली होती, "असू दे, दोघांना मिळून एक."

काकूला मुलगी झाली. ती दोन दिवस जगली.

त्या दिवसांबद्दल काकू फारशी कधी बोलली नाही. एवढंच सांगायची की मुलीची जिवणी काकांसारखी होती, आणि घरी आल्यावर तिनं खिडकी लावून घेतली. तीच ती मागची. सात वर्षं मागून घेतलेलं दिलं आणि दोन दिवसांत परत नेलं, तर आता बोलायचं काय? तिनं देवाशी अबोला धरला. घरात माणसं धरतात तसा, पक्का. कामात खंड नाही, पाव वेळेवर, गिऱ्हाइकांशी नीट बोलणं. पण पहिला ट्रे आत गेला की ती खिडकीकडे पाठ करून पीठ चाळत राहायची.

काही दिवस काकांनी बघितलं. मग एका पहाटे त्यांनी हात पुसले, खिडकी उघडली आणि स्वतः तिथं जाऊन उभे राहिले. या माणसानं जन्मात प्रार्थना केलेली नव्हती. काय म्हणायचं हे त्यांना कळेना. थोडा वेळ खाकरून शेवटी म्हणाले, "ती आज बोलणार नाही म्हणते. मी निरोप द्यायला आलोय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काल तिनं अर्धी भाकरी खाल्ली. काल ती दुपारी रडली, पण रात्री झोप लागली. आज तिनं केस विंचरलेत. रोज एखाददुसरं वाक्य, मोठ्यानं, जसं काही पलीकडचा माणूस कमी ऐकतो. काकू पीठ चाळत सगळं ऐकायची आणि ऐकलं नाही असं दाखवायची. हे वर्षभर चाललं. वर्षाहून जास्तच.

मग एका सकाळी काका म्हणाले, "बाकी ठीक आहे. काल मी गाणं म्हणत होतो, तिला आवडलं."

काका अत्यंत बेसूर गायचे. मागून चाळणी थांबली. काकू म्हणाली, "खोटं सांगू नका त्याला."

काका बाजूला झाले. काकू खिडकीपाशी आली. पहिल्या दिवशी ती काय बोलली ते काकांनी ऐकलं, पण आम्हाला कधी सांगितलं नाही. ते फक्त म्हणायचे, "बरंच झापलं तिनं. आणि त्यानंही ऐकून घेतलं असणार, कारण ती बोलून आली तेव्हा तिचा चेहरा मोकळा होता."

या सगळ्यात माझी आई कुठे होती? हे आता सांगायला हवं. काकूची मुलगी गेल्यावर दोन महिन्यांनी मी झाले, धडधाकट आणि रडकी. बाबा काकूला भेटून यायचे. आई मात्र आली नाही. मला घेऊन ती पहिल्यांदा बेकरीत आली तेव्हा मी सव्वा वर्षाची होते. काकूनं मला घेतलं, माझ्या डोक्याशी नाक नेऊन वास घेतला, "छान आहे" म्हणाली आणि परत दिलं. त्यानंतर दोघींच्यात भांडण असं कधीच झालं नाही. आई दर गुरुवारी सकाळी आठला पाव घ्यायला यायची, पाच मिनिटं उभ्यानं बोलायची. "कशा आहात वहिनी?" "बरी आहे. तू?" विणकाम पायरीवर परत कधी आलं नाही. मी मोठी झाले, माझं जाणं-येणं काकूकडे आईपेक्षा जास्त होतं, तरी या दोन चांगल्या बायका एकमेकींशी पाहुण्यांसारख्या का वागतात हे मला कळायचं नाही. असं एकोणतीस-तीस वर्षं चाललं.

काका गेले तेव्हा काकू छपन्न वर्षांची होती. दुपारी जेवून आडवे झाले, उठलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी तिनं बेकरी उघडली. मी मदतीला गेले होते आणि मनातून धास्तावले होते, की आता ही पुन्हा खिडकीकडे पाठ करणार. पण पहिला ट्रे आत सारून ती सरळ तिथं गेली. "त्यांना पहाटे थंडी वाजते," ती म्हणाली, "अंगावर काहीतरी घालत जा." आणि पुढच्या ट्रेकडे वळली.

एकटीनं बेकरी चालवायची म्हणजे सोपं नव्हतं. पीठ मळायला एक बाई यायची, दणकट आणि मितभाषी. तिला आम्ही पैलवान म्हणायचो आणि ते तिला आवडायचं. ती सगळं मळून, गोळे घालून साडेचारला घरी जायची, कारण तिचं घर उठायची वेळ व्हायची. भाजणं मात्र काकूचं. ते तिच्या नाकाचं काम होतं.

दोन वर्षांनी काकूला ताप आला. आठवडाभर होता. तो उतरला आणि ती खाली आली, तर बेकरीत कसलाच वास नव्हता. पिठाचा नाही, ओव्हनचा नाही. तिला वाटलं सर्दी असेल. पंधरा दिवस गेले. तिनं यीस्टचा डबा नाकाशी धरला, कांदा फोडून हुंगला, काहीच नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, की वास कळणारी नस तापात दुखावली आहे, कधीकधी बरी होते, बऱ्याचदा होत नाही.

हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. घड्याळ लावून भाजायला लागली. पण ओव्हन जुना, त्याच्या डाव्या-उजव्या बाजूत फरक, त्यात हवा रोज वेगळी. घड्याळाला यातलं काय कळणार? एक दिवस पाव कच्चा, दुसऱ्या दिवशी खालून काळा. गिऱ्हाइकं भली होती, बोलायची नाहीत, पण दोन दिवसांआड यायला लागली. खिडकीत उभी राहून ती रोज तेच म्हणायची. मूल गेलं, नवरा गेला, मी काही बोलले नाही. बोलले, पण परत आले. आता एवढं नाक तरी ठेव. त्याच्यावर माझं पोट आहे, आणि मी कोण आहे ते पण त्याच्यावरच आहे.

नाक परत आलं नाही.

दोन महिन्यांनंतरचा एक गुरुवार. पहाटेचं भाजून झालं की काकू ओव्हन बंद करायची आणि आठच्या सुमाराला बिस्किटांसाठी पुन्हा पेटवायची. त्या दिवशी गॅसच्या नळीचा जोड सैल झाला होता. खोली गॅसनं भरत आली होती आणि काकू काडेपेटी घेऊन ओव्हनपाशी वाकली होती. तेवढ्यात आई दारात आली. माझी आई म्हणजे आयुष्यात कधी चढा आवाज न काढलेली बाई. शाळेच्या कचेरीत तिनं तीस वर्षं नोकरी केली, पण तिथल्या शिपायालाही ती "अहो" म्हणायची. ती दारातून ओरडली, "हात खाली ठेव!"

काकूनं हात खाली ठेवला. आईनं आत येऊन सिलेंडर बंद केला, खिडकी आणि दार सताड उघडलं आणि काकूचं मनगट धरून तिला बाहेर पायरीवर आणून बसवलं.

"एवढा वास सुटलाय, वहिनी," आई म्हणाली.

काकू काडेपेटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला वास येत नाही. दोन महिने झाले."

आईनं काही सांत्वन केलं नाही. तिला ते जमायचं नाही. त्या दिवशी तिनं माणूस बोलावून नळी बदलून घेतली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ती हातात विणकामाची पिशवी घेऊन बेकरीच्या दारात हजर. नुकतीच निवृत्त झाली होती, बाबा आठपर्यंत उठत नसत. तिनं स्टूल ओव्हनजवळ ओढलं. "मी इथं बसते," म्हणाली. "वास आला की सांगते."

पहिला आठवडा नुसती तारांबळ. आई म्हणायची, "येतोय." काकू विचारायची, "कसला?" "चांगला." "अगं, चांगला म्हणजे कच्चा चांगला की झालेला चांगला?" आई बिचारी हताश व्हायची. तिला भाजीला फोडणी बसली की करपली, एवढाच फरक ठाऊक. मग दोघींनी बसून त्यावर शब्द ठरवले. ट्रे आत गेल्यावर थोड्या वेळानं येतो तो ओल्या भिंतीचा वास. मग इस्त्रीचा, म्हणजे नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडाचा. आणि त्यानंतर भाजक्या शेंगदाण्याचा, तो आला की एक क्षण थांबायचं नाही. "इस्त्री," आई सुया न थांबवता म्हणायची. काकू हातमोजे चढवायची. "इस्त्री... इस्त्री... शेंगदाणा," की झालं, दार उघड, ट्रे बाहेर. कुणी सकाळी लवकर आलेलं गिऱ्हाईक हे ऐकून चक्रावून जायचं. महिन्याभरात पाव पहिल्यासारखा झाला. पैलवान बाई तर म्हणाली की पहिल्यापेक्षा बरा झाला, आणि काकू दोन दिवस तिच्यावर रुसली.

पुढचं मला आईनं सांगितलं, आणि नंतर वेगळं काकूनंही. दोघींच्या सांगण्यात फरक एवढाच, की रडलं कोण याबद्दल दोघी एकमेकींकडे बोट दाखवायच्या.

थंडीचे दिवस होते. पीठ फुगेना. आई सारखी उठून कापड उचलून बघायची. काकू म्हणाली, "बस गं. उन्हाळ्यात तासात होतं त्याला या दिवसांत तीन तास लागतात. घाई केली तर वरून छान दिसेल आणि आतून दगड." तेव्हा करायला दुसरं काहीच नव्हतं. ओव्हन पेटलेला, खोली उबदार, दोघी पीठ राखत बसलेल्या.

काकूनं विचारलं, "तू तेव्हा मुलीला घेऊन का आली नाहीस?"

आईच्या सुया चालूच राहिल्या. "तुम्हाला त्रास होईल, असं वाटलं."

"हं," काकू म्हणाली.

थोड्या वेळानं आईनं सुया मांडीवर ठेवल्या. "तेवढंच नव्हतं. मला भीती वाटली होती."

"कसली?"

"तुमच्याकडे आणलं तर हिलाही काही होईल, अशी. मला लाज वाटते त्याची. तेव्हाही वाटत होती, म्हणून आणखीच आले नाही. आणि मग इतका उशीर झाला की कुठल्या तोंडानं येऊ?"

काकू उठली. पिठात बोट दाबून बघितलं, कापड परत नीट पांघरलं. आईला वाटलं, संपलं, आता ही मला जायला सांगणार.

"मला तेव्हाच कळलं होतं," काकू म्हणाली. "मी अपशकुनी आहे असं तुला वाटतंय, हे मला समजत होतं. मला फक्त ते कुणीतरी तोंडानं म्हणायला हवं होतं. मनात ठेवलेलं फार मोठं होत जातं गं."

मग दोघींपैकी कोणीतरी रडायला लागलं. काकूच्या म्हणण्याप्रमाणे आई. आणि काकू तिच्या पाठीवर पिठाचा हात ठेवून म्हणाली, "रडू नकोस. नाक बंद होईल, मग पाव कोण बघणार?"

त्या दिवसापासून आई काकूला "तू" म्हणायला लागली. काकूचं म्हणणं असं, की ते गॅसच्या दिवशीच सुरू झालं होतं, "हात खाली ठेव" म्हणाली तेव्हाच, फक्त हिला ते कळायला आठ महिने लागले.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. दवाखान्यातली अरुंद खोली, एक खाट, दोन खुर्च्या. नर्सनं बाळ गुंडाळून आणलं आणि दाराजवळ आई होती म्हणून तिच्या हातात दिलं. आईनं नातीचं तोंडही धड बघितलं नाही. वळली आणि काकूच्या मांडीवर ठेवलं.

"अगं, तू आजी," काकू म्हणाली. "आधी तू."

"तू घे. मी बघते."

काकूनं बाळाला सावरलं. सवयीनं डोकं खाली नेलं, टाळूपर्यंत, आणि मध्येच थांबली. तिच्या लक्षात आलं होतं. मी खाटेवरून बघत होते. आई पलीकडून वाकली. दोघींची पांढरी डोकी त्या एवढ्याशा डोक्यावर एकत्र आली.

"सांग," काकू म्हणाली.

आईनं डोळे मिटून वास घेतला. "कोमट दुधाचा," ती म्हणाली. "आणि नवा कापूस असतो ना, तसा. आणि थोडा आपल्या पिठाचा, फुगायला लागतं तेव्हाचा."

"पिठाचा तुझ्या हाताला येत असेल."

"असेल," आई म्हणाली. पुन्हा वाकली. "नाही. हिलाच येतोय."

काकूनं बाळाच्या डोक्याशी गाल टेकवला.

नंतर एकदा मी तिला विचारलं होतं. मी तेव्हा नवी आई होते, सगळ्याचा अर्थ लागावा असं वाटायचं. म्हटलं, काकू, म्हणजे नाक गेलं ते याचसाठी का? माझी आई तुला परत मिळावी म्हणून? काकू बिस्किटं डब्यात भरत होती. तिनं हात थांबवून नीट विचार केला.

"का, ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "एक घेतो आणि बदल्यात दुसरं देतो, असं मी देवाबद्दल म्हणणार नाही. माझ्या मुलीच्या बदल्यात मला काहीही दिलं तरी ते मला मान्य नाही, आणि हे मी त्याला सांगितलंय. ती का गेली, याचं उत्तर त्यानं अजून दिलेलं नाही. मी विचारते अधूनमधून. पण त्याच्या मनात माझ्यासाठी वाईट नाही, एवढं मला आता पटलंय. मी नाक मागत होते, आणि तो रोज पहाटे पाचला तुझ्या आईला पाठवत होता. मी दुसरीकडेच बघत बसले असते तर?"

मग म्हणाली, "झाकण दे इकडे, बिस्किटं मऊ पडतात."

त्या दोघींना अशा दहा-अकरा वर्षांच्या पहाटा मिळाल्या. बाबा मधल्या काळात गेले, तेव्हा आई वरच्या खोल्यांत राहायला आली. मग एका उन्हाळ्यात आई आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली. शेवटचे दिवस काकू तिच्या उशाशी होती. आई मध्येच जागी होऊन "इस्त्री" म्हणायची आणि काकू तिला सांगायची, "हो, काढते मी."

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे काकू खाली आली. बेकरी बंद होती, ओव्हन थंड होता. मी तिच्यामागे जिन्यात उभी राहिले. ती खिडकीशी पुष्कळ वेळ बोलली. मला सगळं ऐकू आलं नाही, शेवटचं तेवढं आलं.

"तिनं माझी मुलगी बघितलेली नाही," काकू देवाला सांगत होती. "ओळख करून दे."

महिन्याभरानं तिनं बेकरी पैलवान बाईच्या हवाली केली. ओव्हन, ट्रे, गिऱ्हाइकं, सगळं. मला वाटलं होतं तिला तिथून ओढून काढावं लागेल, पण ती म्हणाली, "एवढंच काम होतं माझं इथलं. दुसरं असेल तर तो सांगेल," आणि एक बॅग घेऊन आमच्याकडे राहायला आली.

सुरुवातीचे दिवस अवघड गेले. ती चारला उठायची आणि करायला काही नसायचं. आमच्या घराला मागची खिडकी नाही, म्हणून ती बाल्कनीत उभी राहायची. माझा नवरा तिच्यासाठी लवकर उठायला लागला. दोघं न बोलता चहा पीत बसायचे. पावाला ती हात लावायची नाही. आम्हीही दुकानातून आणलेला पाव तिच्यासमोर काढायचा संकोच करायचो, ते तिच्या लक्षात आलं तेव्हा खूप हसली.

सहा महिने असे गेल्यावर एक दिवस माझी मुलगी तरणतलावाचं पत्रक घेऊन आली. सकाळी सात ते आठ, साठीच्या पुढच्या स्त्रियांसाठी. तिनं ते सहज टेबलावर ठेवलं होतं. काकूनं चष्मा लावून दोनदा वाचलं. जन्मात कधी घोट्याच्या वर पाण्यात न गेलेली बाई, वय सत्तर. म्हणाली, "मला घेऊन चला."

आता चार महिने झाले. सोमवार ते शुक्रवार मी तिला पोचवते आणि काठावरच्या बाकावर बसते. रबरी टोपीत तिचं डोकं इवलंसं दिसतं. पहिले दोन महिने ती कठडा धरून नुसती पाय मारत होती. शिकवणाऱ्या बाई तरुण आहेत, आवाजी आणि प्रेमळ. गेल्या आठवड्यात त्यांनी तिला उताणं तरंगायला सांगितलं. अंग सैल सोडा आजी, पाणी तुम्हाला धरतं, मी आहेच. काकूनं कठडा काही सोडला नाही. घरी येताना मी तिला चिडवलं, की एवढ्या देवावर विसंबणाऱ्या बाईला चार फूट पाण्याची भीती?

"देवाला मी पन्नास वर्षं ओळखते," काकू म्हणाली. "या बाईंना चार महिनेच झालेत."

काल मात्र तिनं एक हात सोडला. मी बाकावरून उठून उभी राहिले, पण हाक मारली नाही. तिचे पाय वर आले, पोट वर आलं. डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलत होते. बाईंचा तळवा तिच्या पाठीखाली होता. मग तिनं दुसऱ्या हाताचं एकेक बोट उचलत हळूहळू कठडा सोडला आणि दहा-बारा सेकंद ती पाण्यावर होती.